पोरीचं नाव शोधताना : सोलापूरकर घरांसाठी अनवट नावांची सविस्तर वाट

सोलापुरात मुलीचं नाव एका भाषेत राहत नाही. घरात मराठी, शेजारी कन्नड, वर्गात शेजारच्या बाकावर तेलुगू, बाजारात दखनी. आणि पुढे शिक्षण-नोकरीसाठी पुणे, हैदराबाद नाहीतर बंगळूर. पाळण्यात ठेवलेलं नाव या सगळ्या जिभांवरून जाणार असतं. म्हणून मोबाईलवर 'मुलींची नवीन नावे' शोधून त्यातलं पहिलं गोड वाटणारं नाव उचलण्याआधी थोडा वेळ काढा.

माझं म्हणणं एवढंच आहे की नाव कमी ऐकलेलं असावं, पण पोरकं नसावं. ते कोणत्या भाषेतलं, आधी कुणाचं होतं, कुठून आलं, हे मुलीने मोठी झाल्यावर विचारलं तर आईवडिलांना सांगता यायला हवं. अशी नावं आपल्याकडे भरपूर आहेत. शिलालेखांत आहेत, अभंगांत आणि कन्नड भक्तिवाङ्मयातल्या वचनांत आहेत, नद्यांना आहेत, आणि आपल्याच पणजीच्या माहेरी आहेत. ती शोधायची कशी, तपासायची कशी आणि कागदावर चढवायची कशी, ते क्रमाने सांगते.

सुरुवात सातव्या महिन्याच्या आसपास करावी. मुलगा की मुलगी हे आधी कळत नाही, कळवून घेणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. तेव्हा दोन्ही याद्या करा. इथे मी मुलींच्या यादीबद्दल बोलते आहे.

पायरी पहिली : आधी घरातली नावं गोळा करा

एक वही घ्या आणि दोन्हीकडच्या बायकांची नावं चार पिढ्या मागेपर्यंत लिहा. आईच्या आईची आई, वडिलांच्या आजीची नणंद, सगळ्या. हे काम फोनवर होत नाही, म्हाताऱ्या माणसांजवळ बसूनच होतं.

इथे एक गोष्ट विसरली जाते. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर सुनेचं नवं नाव लिहायची पद्धत होती, काही घरांत अजून आहे. त्यामुळे तुम्हाला माहीत असलेलं पणजीचं नाव बहुतेक वेळा सासरचं असतं. माहेरचं नाव तिच्या भावांच्या घराण्यात विचारावं लागतं, आणि तिथेच कित्येकदा सुंदर नाव सापडतं. ज्यांच्या घराण्याची वंशावळ गावोगाव फिरून वंशावळी सांभाळणाऱ्या हेळव्यांकडे आहे त्यांनी हेळवी गावात आला की बायकांची नावंही मुद्दाम विचारावीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांतही घराण्याच्या नोंदी सापडतात. आणखी सोपी वाट म्हणजे गावची मतदारयादी. ती कुणालाही पाहता येते. ऐंशीच्या पुढच्या बायकांची नावं वाचत गेलात की आता कुणी ठेवत नाही अशी नावं ओळीने भेटतात: गोदा, राही, सगुणा, वेणू, तुळसा, मैना, रखमा, हौसा, द्वारका.

यातली काही आज पुन्हा ठेवावीत अशीच आहेत. 'राही' हे राधेचं प्राकृत वळणाचं नाव. विठ्ठलाच्या आरतीत रखुमाईच्या जोडीने तीच येते, आणि उर्दू-हिंदीत राही म्हणजे वाटसरू. दोन अक्षरं आहेत, कुणालाही उच्चारता येतात. 'रखमा' हे रुक्मिणीचं घरगुती रूप. रुक्म म्हणजे सोनं, म्हणून रुक्मिणी म्हणजे सोन्याने युक्त अशी. 'वेणू' म्हणजे बासरी. समर्थ रामदासांच्या शिष्या वेणाबाईंमुळे 'वेणा' हे रूपही आपल्याला ओळखीचं आहे. 'सगुणा' म्हणजे गुणांसह असलेली, आणि भक्तिपरंपरेत निर्गुणाच्या जोडीने येणारा हा शब्द केवढा मोठा आहे ते वारकरी घरात सांगायला नको.

सगळीच जुनी नावं मात्र परत आणायची नसतात. मूल जगावं म्हणून ठेवलेलं 'धोंडा', मुलगी नको म्हणून ठेवलेलं 'नकुशी' ही नावं त्या बायकांनी आयुष्यभर ओझ्यासारखी वाहिली. शेजारच्या सातारा जिल्ह्यात २०११ साली नकुशी नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली. आजीची आठवण म्हणून तसलं नाव कुणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा आणि आजीचं दुसरं एखादं, प्रेमाने हाक मारलेलं नाव शोधा.

पायरी दुसरी : शोधायचं कुठे

घरातल्या वहीत नाव सापडलं तर उत्तमच. नाही सापडलं तर पुढची दालनं उघडा. या पायरीला घाई करू नका, हाच शोधातला सगळ्यात आनंदाचा भाग आहे.

*आपला जिल्हा.* पंढरपूर, मंगळवेढा, सोलापूर शहर आणि भीमेचा काठ एवढ्या पट्ट्यात इतक्या कर्तबगार, लिहित्या बायका होऊन गेल्या की नाव शोधायला लांब जावंच लागत नाही. नामदेवांच्या घरातली नावं बघा: आई गोणाई, पत्नी राजाई, बहीण आऊबाई, मुलगी लिंबाई, सुना लाडाई, गोडाई, येसाई आणि साखराई. शेवटी 'आई' लावायची ही मराठी रीत किती गोड आहे! 'राजाई' आज कुणाच्या मुलीचं नाव ऐकू येत नाही, पण उच्चारून बघा, भारदस्तही आहे आणि मायाळूही. 'साखराई' घरात हाक मारायला ठेवावं. मंगळवेढ्याच्या चोखोबांची पत्नी सोयराबाई आणि बहीण निर्मळा, दोघीही अभंगकर्त्या. 'सोयरा' म्हणजे नात्यातलं, आपलं माणूस. एवढा सरळ आणि उबदार अर्थ असलेलं नाव मागे का पडलं, मला कळत नाही. मंगळवेढ्याचीच कान्होपात्रा, तिच्या नावात कान्हो म्हणजे कृष्ण आहेच.

शहराचं जुनं नाव सोन्नलिगे. बाराव्या शतकातले सिद्धरामेश्वर इथले, आणि त्यांच्या आईचं नाव सुग्गलादेवी. कन्नडमध्ये 'सुग्गी' म्हणजे पीक हाती येण्याचा हंगाम, मराठीतली 'सुगी' तीच. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, संक्रांतीच्या आगेमागे जन्मलेल्या मुलीला घरात 'सुगी' म्हणून हाक मारायला काय हरकत आहे? सिद्धरामेश्वरांच्या काळातल्या शरणी, म्हणजे शिवभक्त स्त्रिया, हा नावांचा मोठा ठेवा. अक्कमहादेवी सगळ्यांना ठाऊक आहे, पण बसवण्णांच्या पत्नी गंगांबिका आणि नीलांबिका, वचनं लिहिणाऱ्या मुक्तायक्का आणि सत्यक्का यांची नावं मराठी घरांत फारशी येत नाहीत. 'नीलांबिका' थोडं लांब वाटेल, हाकेला 'नीला' आहेच. 'मुक्ता' या शब्दाला दोन अर्थ आहेत, मोकळी झालेली आणि मोती. ज्ञानदेवांची मुक्ताई आणि कन्नडमधली मुक्तायक्का, दोघी एकाच नावात भेटतात. ज्या घरात एक आजी मराठी आणि दुसरी कन्नड आहे तिथे यापेक्षा चांगलं नाव मला सुचत नाही.

*जुने लेख आणि जुनं वाङ्मय.* दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडलला भीमा आणि सीना मिळतात. तिथल्या संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. तो वाचणारा विजयी होईल असा त्याचा आशय. मुलीला घेऊन जावं अशी ती जागा आहे. लेखांतून मिळणारी राण्यांची नावं याहून जुनी आहेत: नाणेघाटातल्या लेखातली सातवाहन राणी नागनिका, नाशिकच्या लेण्यातली गौतमी बलश्री, आणि मुलगा लहान असताना वाकाटकांचं राज्य सांभाळणारी प्रभावती. 'नागनिका' हे नाव धारदार आहे, ज्यांना मवाळ नाव नको त्यांच्यासाठी.

हाल राजाच्या 'गाथासप्तशती'त, म्हणजे मराठीची पूर्वज असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथांत, काही कवयित्रींची नावं परंपरेने नोंदलेली आहेत: रेवा, रोहा, माधवी, अनुलक्ष्मी, शशिप्रभा. 'अनुलक्ष्मी' कुठल्याही वर्गात दुसरी सापडणार नाही. 'रेवा' हे नर्मदेचंही नाव, उड्या घेत वाहणारी. तेराव्या शतकातल्या महानुभाव पंथाच्या महदंबेला मराठीची आद्य कवयित्री मानतात, तिचे 'धवळे', म्हणजे विवाहगीतं, प्रसिद्ध आहेत. 'महदंबा' आज जड वाटेल, तरी यादीत ठेवा.

त्याहून मागे ऋग्वेदात गेलात तर सूक्तं ज्यांच्या नावावर आहेत अशा स्त्रिया भेटतात: लोपामुद्रा, घोषा, अपाला, विश्ववारा, रोमशा. विश्ववारा म्हणजे सर्वांना हवीशी. घोषा म्हणजे नाद, उच्चरव. गार्गी आणि मैत्रेयी आता बऱ्याच घरांत आहेत, घोषा अजून नाही.

*आकाश.* चित्रा, स्वाती, रोहिणी, रेवती ही आपल्या आईच्या पिढीची नावं झाली. त्यापेक्षा चंद्राच्या चार वैदिक देवता बघा. पौर्णिमेच्या चंद्रात एक कला कमी असते तेव्हाची अनुमती, पूर्णचंद्राची राका, चंद्राची बारीकशी कोर दिसणाऱ्या अमावास्येची सिनीवाली आणि चंद्र अजिबात दिसत नाही तेव्हाची कुहू. मुलगी पौर्णिमेला जन्मली तर राका, अमावास्येला जन्मली तर कुहू. अमावास्येला मूल जन्मलं की अजून काही घरांत तोंडं पडतात. त्या घरात कुहू हे नाव आवर्जून ठेवावं. कोकिळेची सादही कुहूच, म्हणजे ऐकणाऱ्याला पहिल्यांदा गाणंच आठवतं.

*नद्या.* चंद्रभागा, इंद्रायणी, गोदावरी ठाऊक आहेत. आपल्या जवळच्या आणखी: भीमा, नीरा, माण, सीना, भोगावती, बोरी, हरणा. यातली 'नीरा' सर्वांत सोपी, तिच्याबद्दल पुढे बोलते. मराठवाड्यातून वाहणारी 'मंजिरा' म्हणजे पैंजण. तापी ही सूर्याची मुलगी.

*फुलं आणि झाडं.* बकुळा, कुंदा, केतकी, शिरीषा, मंजिरी, शाल्मली. शाल्मली म्हणजे काटेसावर. माझ्या आवडीचं एक नाव 'अतसी'. अतसी म्हणजे जवस, आपल्या रब्बीच्या रानात करडईच्या सोबतीने निळी फुलं घेऊन उभा असतो तो. संस्कृत स्तोत्रांत विष्णूच्या रंगाला अतसीच्या फुलाची उपमा दिलेली आहे. कोरडवाहू शेती करणाऱ्या घराला याहून जवळचं नाव कुठलं? आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, त्या डाळिंबाच्या फुलाचं नाव फारसीत 'गुलनार'. गुल म्हणजे फूल, अनार म्हणजे डाळिंब.

*शेजारच्या भाषा.* कन्नडमध्ये 'इब्बनी' म्हणजे दव, 'संपिगे' म्हणजे सोनचाफा, 'कवना' म्हणजे कविता. तेलुगूत 'वेन्नेला' म्हणजे चांदणं. 'मोल्ला' म्हणजे मोगऱ्याच्या जातीचं फूल, आणि तेलुगूत रामायण लिहिणाऱ्या आतुकुरी मोल्ला या कवयित्रीचं नावही तेच. 'सिरी' हे कन्नड-तेलुगू दोन्हींत श्रीचं रूप, म्हणजे संपत्ती, लक्ष्मी. उर्दूत 'शबनम' म्हणजे दव, 'मेहर' म्हणजे सूर्य आणि माया, 'इनाया' म्हणजे काळजी घेणं. 'जरीना'मधला 'जर' म्हणजे सोनं, साडीच्या जरीतही तोच. पूर्व भागात माग चालवणाऱ्या पद्मशाली घरांनी तेलुगू नावं टाकून फक्त हिंदी वळणाची नावं ठेवू नयेत असं मला मनापासून वाटतं. आणि मराठी घरानेही शेजाऱ्याच्या भाषेतलं नाव घ्यायला संकोचू नये. फक्त घेताना त्या भाषेच्या माणसाकडून उच्चार नीट शिकून घ्यावा.

पायरी तिसरी : अर्थ स्वतः तपासा

इंटरनेटवरच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. एकाने चुकीचा अर्थ लिहिला की तो शंभर ठिकाणी जातो. निम्म्या नावांपुढे 'लक्ष्मी', 'दुर्गा' किंवा 'सुंदर' एवढंच लिहिलेलं असतं, आणि तिथेच सावध व्हायचं.

काही उदाहरणं. 'अनाया' हे नाव 'अनया' असं लिहून संस्कृत म्हणून सांगितलं जातं. पण संस्कृतात अनय म्हणजे नीतीला सोडून वागणं, अनर्थ. ज्याचा अर्थ काळजी, माया आहे तो शब्द अरबी 'इनाया'. 'मायरा' हे संस्कृत नाव नाही. इंग्रजी कवी फुल्क ग्रेव्हिल याने ते आपल्या कवितांतून रूढ केलं. 'कियारा'चं मूळ इटालियन 'क्यारा', म्हणजे उजळ, स्वच्छ. हा अर्थ चांगलाच आहे. ही नावं ठेवू नयेत असं मी म्हणत नाही, पण वेदांतलं नाव म्हणून ठेवू नयेत. उलट 'अर्णा' या नावाला लोक नवं, बनवलेलं समजतात, तर अर्ण म्हणजे पाणी, लाट हा अगदी जुना वैदिक शब्द आहे. 'इरा' म्हणजे तृप्त करणारं पेय, आणि पृथ्वीही. हिब्रूत मात्र इरा हे पुरुषाचं नाव आहे, परदेशी जाणाऱ्यांना तेवढं माहीत असलेलं बरं.

तपासायचं असं. संस्कृत शब्द असेल तर वामन शिवराम आपटे किंवा मोनिअर विल्यम्स यांचा कोश. मराठी असेल तर मोल्सवर्थ किंवा दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'. पुराणातलं नाव असेल तर सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा 'प्राचीन चरित्रकोश'. यातले बरेच कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. कोशात बघताना ऱ्हस्व-दीर्घ नीट बघा. कन्नड-तेलुगू नावाचा अर्थ त्या भाषेच्या शिक्षकाला विचारा, उर्दू नावाचा उर्दू शाळेतल्या गुरुजींना किंवा मौलवींना. सोलापुरात ही माणसं दोन गल्ल्यांच्या अंतरावर मिळतात, ही या गावाची श्रीमंती आहे.

अर्थासोबत कथाही बघा. 'माधवी' म्हणजे वसंतात फुलणारी वेल, आणि प्राकृत कवयित्रीही. पण महाभारतातल्या ययातीच्या मुलीचं, माधवीचं आयुष्य फार दुःखाचं आहे. नाव सुंदरच राहतं. फक्त मुलीने विचारलं तर कुठली माधवी सांगायची ते आईवडिलांनी ठरवून ठेवावं.

पायरी चौथी : सगळ्या आज्यांच्या कानाला लावून बघा

यादी पाच-सहा नावांवर आली की ती मोठ्याने म्हणायची. 'काय करलालीस गं?' याच्यापुढे नाव लावा, गच्चीवरून हाक मारल्यासारखी मारा. मग मराठी आजी, कन्नड अज्जी, तेलुगू अव्वा, दखनी बोलणाऱ्या शेजारीण चाची, जे जे कुणी असतील त्यांना नाव फक्त ऐकवा, लिहून दाखवू नका, आणि त्यांनी परत उच्चारलेलं ऐका.

इथे अनपेक्षित गोष्टी कळतात. 'इला' हे नाव संस्कृतात पृथ्वीचं, वाणीचं, मनूच्या मुलीचं. पण कन्नडमध्ये 'इल्ला' म्हणजे नाही, आणि लाडाने 'इली' केलंत तर त्याचा अर्थ उंदीर. कन्नड आजोळ असेल तर हे आधी कळलेलं बरं. 'सीना' नदी आपली असली तरी हिंदी-उर्दू कानाला तो शब्द छाती म्हणून किंवा शिवणं म्हणून ऐकू येतो. मुलीच्या नावासाठी मी ती सोडून देईन. 'नीरा' मात्र सगळीकडे चालतं: संस्कृतात नीर म्हणजे पाणी, कन्नड आणि तेलुगूतही 'नीरु' म्हणजे पाणीच. ताडा-माडाच्या रसाला नीरा म्हणतात म्हणून कुणी हरकत घेईल, तिकडे लक्ष देऊ नये. 'तारा', 'सिरी', 'मुक्ता', 'रेवा', 'लहरी' हीदेखील चारही जिभांवर नीट बसणारी नावं.

'ळ' असलेलं नाव, जसं बकुळा, हिंदी भाषकाकडून 'बकुला' होणार. कन्नड-तेलुगूत ळ आहे, तिथे अडचण नाही. पुढचा मुक्काम दिल्लीकडे असेल तर एवढं मनाशी धरून चाला.

पायरी पाचवी : पत्रिकेचं अक्षर

ज्या घरात हे मानतात त्यांच्यासाठी. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, असे १०८ चरण आणि प्रत्येकाला एक अक्षर. रोहिणीला ओ, वा, वी, वू. मघाला मा, मी, मू, मे. जन्मवेळ मिनिटापर्यंत बरोबर हवी, कारण चरण काही तासांत बदलतो. काही चरणांना ङ, ञ, ण अशी अक्षरं येतात, ज्यांवरून नाव सुरूच होत नाही. तेव्हा जोशीबुवा जवळचं अक्षर सुचवतात. पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं आणि व्यवहारातलं वेगळं ठेवायची परंपरा जुनी आहे, तिचा उपयोग करा. अक्षर जुळावं म्हणून आवडलेलं नाव सोडून काहीतरी जोडून तयार केलेलं नाव ठेवण्याची गरज नाही. अक्षरावरूनच ठेवायचं असेल तर 'वी'वरून वीची, म्हणजे लाट. 'कु'वरून कुहू किंवा कुमुदिनी. 'मा'वरून माधवी, 'मे'वरून मेहर.

पायरी सहावी : लिहून बघा

देवनागरीत एकदा आणि रोमन लिपीत एकदा. आपले ज्ञ आणि ऋ इथे घोळ घालतात. ज्ञानदा हे नाव मराठी माणूस रोमनमध्ये डी-एन-वाय लावून लिहितो, हिंदी माणूस जी-वाय लावून. ऋचा आपल्याकडे रुचा होते, उत्तरेकडे रिचा. मृण्मयी हे फार देखणं नाव, मातीची बनलेली. पण त्याची रोमन स्पेलिंगं इतकी होतात की दवाखाना, शाळा आणि बँक तिघेही वेगवेगळी लिहितील. अशी नावं टाळू नका. रोमन स्पेलिंग एकच ठरवा, कागदावर लिहून घरातल्या सगळ्यांना द्या.

नंतर पूर्ण नाव लिहा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. निर्णय मला फार मोलाचा वाटतो, आणि नाव निवडतानाही तो लक्षात घ्यावा लागतो. आईचं नाव नीला आणि मुलीचं नीरा असेल तर जोडून वाचताना जीभ अडखळते. आईचं नाव लांब असेल तर मुलीचं दोन-तीन अक्षरी ठेवा, आईचं छोटं असेल तर 'अनुलक्ष्मी' किंवा 'नीलांबिका' शोभून दिसेल.

पायरी सातवी : बारसं

मराठी घरात बहुधा बाराव्या दिवशी, तेलुगू घरांत बारसाल पुष्कळदा एकविसाव्या दिवशी, मुस्लिम घरांत अकीका सातव्या दिवशी. कन्नड घरांत तोट्टिल, म्हणजे पाळणा. तारीख जी असेल तिच्या आधी नाव पक्कं झालेलं असावं. आत्याला ते फक्त चिठ्ठीवर लिहून देऊ नका, उच्चार आणि अर्थ समजावून सांगा, कारण कानात कुर्रर्र करून झालं की जमलेल्या बायका पहिला प्रश्न तिलाच विचारतात. वेगळं नाव ऐकून कुणी नाक मुरडलं तर तिने एका वाक्यात सांगावं: 'सोयराबाई चोखोबांची पत्नी, आपल्या मंगळवेढ्याची.' एवढ्याने नावाला घर मिळतं.

पायरी आठवी : नोंद

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी, असं १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सांगतो. दवाखान्यात जन्म झाला तर दवाखाना कळवतो. घरी झाला तर घरच्यांनी कळवायचं, शहरात महापालिकेला, गावात ग्रामपंचायतीला. उशीर झाला तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून, वर्षाच्या आत लेखी परवानगीने, आणि वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने नोंद होते.

पण जन्माची नोंद आणि नावाची नोंद या दोन गोष्टी आहेत, आणि घाई इथेच होते. दवाखान्याच्या अर्जात नावाची जागा रिकामी ठेवली तरी जन्म नोंदला जातो. नाव नोंदीनंतर १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. तेव्हा बाळंतिणीच्या खाटेशेजारी उभं राहून परिचारिकेला सुचेल ते नाव सांगू नका. एकदा चढलेलं नाव बदलणं जिकिरीचं असतं: लेखनिकाची चूक दुरुस्त होते, नाव बदलायचं तर राजपत्रात प्रसिद्ध करण्यापर्यंत जावं लागतं.

जे नाव द्याल ते देवनागरी आणि रोमन दोन्हींत, स्वच्छ अक्षरात लिहून द्या, तोंडी सांगू नका. दाखला हातात आला की खिडकीसमोरून हलण्याआधी एकेक अक्षर वाचा: ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, आईच्या नावाचं स्पेलिंग. अनवट नाव टंकताना लेखनिकाचा हात ओळखीच्या नावाकडे वळतो, राका लिहायचं तिथे राखी होतं, अतसीचं अतिशी. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून हाच दाखला चालतो. म्हणून बाल आधार काढताना अर्ज आठवणीवरून भरू नका. दाखला समोर ठेवूनच भरा, आणि पुढे अंगणवाडी, बँक खातं, शाळा, जिथे जिथे मुलीचं नाव लिहाल तिथे त्याच्यावरूनच उतरवा.